पात्यावरची कपाशी: तुडतुडे मोजताना कोळीही मोजा

कपाशी पात्यावर (फुलकळ्यांवर) आली आणि पावसाने उघडीप दिली, की तुडतुड्यांचा, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या छोट्या किडींचा, जोर वाढतो. याच सुमारास पानांवर प्लेक्सिपस वंशाचे उड्या मारणारे कोळीही वावरतात. ते तुडतुडे खातात, म्हणून फवारणीचा पंप भरण्याआधी त्यांचीही मोजणी करा.

कोळी साधारण 1 सेंटीमीटर लांबीचा. प्लेक्सिपस पेकुली या जातीचा नर काळा, अंगावर ठळक पांढरे पट्टे. मादी करडी-तपकिरी, पाठीवर मधोमध फिकट पट्टा. समोरचे दोन डोळे मोठे असतात आणि माणूस जवळ गेला की तो वळून रोखून पाहतो. पिकाचा रस शोषणारा लाल कोळी वेगळा: तो जेमतेम अर्धा मिलिमीटरचा, पानाखाली बारीक जाळी करणारा. लाल कोळीवरचे औषध या कोळ्यासाठी मारू नका.

पाहणी दव सुकल्यावर, सकाळीच करा. एकरात विखुरलेली 20 झाडे घ्या आणि प्रत्येकाचे वरचे, मधले, खालचे असे एकेक पान हळूच उलटा. आपली सावली पानावर पडली तर कोळी पलीकडे सटकतो आणि मोजणी चुकते. रेशमाने जोडलेले किंवा मुडपलेले पान दिसले की अळी समजून खुडू नका. उघडून पाहा. आत काळी विष्ठा आणि कुरतडलेला भाग असेल तर अळी. घट्ट पांढरी पिशवी आणि पान शाबूत असेल तर कोळ्याचे घर. तिथे मादी अंडी राखत बसलेली असू शकते.

हा कोळी जाळे लावत नाही, हालचाल पाहून झडप घालतो. म्हणून तुडतुडे, माश्या, छोटे पतंग, उघड्यावरच्या लहान अळ्या त्याला सापडतात. पानाला चिकटून बसलेली पांढऱ्या माशीची पिल्ले, पिठ्या ढेकूण किंवा बोंडात शिरलेली अळी त्याच्या आवाक्याबाहेर. तिथे कोळ्यांच्या भरवशावर राहू नका. शिवाय तो मित्रकीटकही खातो, एवढे गृहीत धरा.

तुडतुडे पानामागे सरासरी 2 पिल्लांच्या खाली असतील तर रासायनिक फवारणी थांबवा. वाढ दिसत असेल तर 5 टक्के निंबोळी अर्क घ्या: 5 किलो निंबोळ्यांची भरड 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून गाळा, 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घाला आणि एकूण द्रावण 100 लिटर करा. त्याच दिवशी वापरा. शिळ्या अर्काचा गुण उतरतो.

पातळी ओलांडलीच तर फ्लोनिकामिडसारखे निवडक औषध लेबलवरील मात्रेत, सायंकाळी फवारा. तोवर बरेच कोळी रेशमी घरात शिरलेले असतात, थेट फवारा कमी बसतो. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन यांसारखी पायरेथ्रॉइड औषधे या अवस्थेत टाळाच. ती कोळ्यांना फार घातक असतात, आणि पुढे पांढरी माशी उसळली की दोष हवामानाला दिला जातो.

बांधावरचे गवत एकदम साफ करू नका. अर्धे आज कापा, उरलेले 10-12 दिवसांनी. ओळींत पालापाचोळ्याचे आच्छादन असेल तर कोळ्यांना लपायला जागा मिळते. हा कोळी माणसाला धोकादायक नाही, पण हाताखाली चिरडला गेला तर चावू शकतो, तेव्हा वेचणीत तेवढे जपा.