डोप चाचणीला लघवीचा नमुना देताना

स्पर्धा संपल्यावर किंवा सरावाच्या दिवशी पहाटे कोणी ओळखपत्र दाखवून "तुमची डोप टेस्ट आहे" असे म्हणाले, की पहिल्यांदा निवड झालेला खेळाडू बावरतो. त्याला सर्वांत जास्त संकोच वाटतो तो नमुना देताना कोणीतरी समोर उभे राहून पाहणार याचा. ही पद्धत अपमानासाठी आखलेली नाही. स्वतःऐवजी दुसऱ्याची लघवी देण्याचे प्रकार खरोखर घडले म्हणून ती आली. १९७८ च्या तूर द फ्रान्स सायकल शर्यतीत आल्प द्युएझचा टप्पा जिंकून एकूण आघाडीची पिवळी जर्सी मिळवलेला बेल्जियमचा मिशेल पोलेंतिये असाच पकडला गेला आणि शर्यतीतून बाहेर काढला गेला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये हातोडाफेकीचे सुवर्ण जिंकलेल्या हंगेरीच्या आद्रियान अन्नुशचे स्पर्धेपूर्वीचे आणि नंतरचे नमुने एकाच माणसाचे नसावेत, असा संशय आला. पुन्हा नमुना द्यायला तो गेला नाही आणि पदक जपानच्या कोजी मुरोफुशीकडे गेले.

सूचना मिळाल्यावर सही करा आणि सोबत दिलेल्या व्यक्तीच्या नजरेआड जाऊ नका. पदक समारंभ, अंग मोकळे करणे, दुखापतीवर उपचार, यांसाठी तुम्हाला थांबता येते. मात्र ती व्यक्ती बरोबर असली पाहिजे. छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ ठेवा. प्रशिक्षक, पालक किंवा संघाचा डॉक्टर यांपैकी एकाला बरोबर नेण्याचा तुम्हाला अधिकार आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलामुलींनी तर एकटे जाऊच नये.

पाणी पिण्यात बहुतेकांची चूक होते. मी सोबत गेलेल्या एका धावपटू मुलीने लवकर सुटका व्हावी म्हणून बाटल्यांमागून बाटल्या रिचवल्या. लघवी भरपूर झाली, पण ती इतकी पातळ होती की मापात बसली नाही. मग पुन्हा बसणे आले आणि शेवटची बस चुकली. नमुना किमान ९० मिलिलिटर लागतो आणि त्याची विशिष्ट घनता, म्हणजे पाण्याच्या तुलनेतील दाटपणा, १.००५ किंवा त्याहून जास्त असावी लागते. नमुना १५० मिलिलिटर किंवा अधिक असेल, तर १.००३ चालते. म्हणून घोटघोट प्या, स्वतः निवडलेली सीलबंद बाटलीच घ्या, आणि एकदा उघडलेली बाटली टेबलावर सोडून उठलात तर ती पुन्हा तोंडाला लावू नका.

नमुन्याचे भांडे अनेकांतून तुम्हीच निवडायचे. वेष्टन फाटलेले किंवा आत काही दिसले, तर दुसरे मागा. हात फक्त पाण्याने धुवा. तुमच्याच लिंगाचा साक्षीदार प्रवाह स्पष्ट पाहू शकेल, इतके कपडे बाजूला करावे लागतात. अंगरखा छातीपर्यंत वर, बाह्या कोपरापर्यंत, विजार गुडघ्यापर्यंत खाली. अल्पवयीन मुलीला हे अवघड वाटते, हे मान्यच आहे. तिला आधी घरी शांतपणे समजावून सांगावे, कारण त्या खोलीत पहिल्यांदा कळले तर ती घाबरून नकार देऊ शकते, आणि नकार हाही नियमभंगच ठरतो.

भांडे भरल्यापासून बाटल्या सील होईपर्यंत ते तुमच्या नजरेसमोर राहिले पाहिजे. ए आणि बी अशा दोन बाटल्यांचा संचही तुम्हीच निवडता. बाटली, झाकण आणि खोका यांवरचे क्रमांक मोठ्याने वाचून जुळवा. लघवी स्वतः ओता आणि झाकण टकटक आवाज थांबेपर्यंत फिरवा. मग बाटली उलटी करून गळते का ते पाहा. हे उगाच सांगत नाही. २०१४ च्या रशियातील सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रयोगशाळेच्या भिंतीतील छिद्रातून रात्री बाटल्या बाहेर नेऊन नमुने बदलले गेले, असे पुढे प्रयोगशाळेचे प्रमुख ग्रिगोरी रोदचेंकोव्ह यांनी सांगितले आणि २०१६ च्या मॅक्लारेन अहवालात, म्हणजे या प्रकरणाच्या स्वतंत्र चौकशीच्या अहवालात, ते मांडले गेले. झाकणांच्या आत आढळलेले ओरखडे आणि काही नमुन्यांतील मानवी शरीराला न शोभणारे मिठाचे प्रमाण, यांतून त्याला दुजोरा मिळाला. आज खेळाडूच्या लघवीतील स्टेरॉइडचे नेहमीचे प्रमाणही वर्षानुवर्षे नोंदवून ठेवले जाते आणि संशय आल्यास डीएनए तपासले जाते; दुसऱ्याचा नमुना त्यात उठून दिसतो. नमुन्यात फेरफार करण्याची सर्वसाधारण शिक्षा चार वर्षांची बंदी आहे, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत कारकीर्दच.

शेवटी फॉर्म येतो. गेल्या सात दिवसांत घेतलेली प्रत्येक गोष्ट त्यात लिहा: सर्दीची गोळी, दम्याचा पंप, प्रोटीन पावडर, आजीने दिलेले चूर्णसुद्धा. औषधात बंदी असलेला घटक असेल, तर उपचारासाठीची सवलत राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेकडे, म्हणजे नाडाकडे, आधीच मागावी लागते. फॉर्मवर लिहिल्याने ती आपोआप मिळत नाही. कार्यपद्धतीत काही चुकले, साक्षीदाराने नीट पाहिले नाही, सील ढिले वाटले, तर टिप्पणीच्या रकान्यात मराठीत का होईना, पण तिथेच लिहा. प्रयोगशाळेला तुमचे नाव जात नाही, फक्त क्रमांक जातो. तो क्रमांक असलेली फॉर्मची तुमची प्रत घडी न घालता फाईलमध्ये ठेवा आणि घरी पोचल्यावर तिचा फोटो काढून प्रशिक्षकाकडे पाठवा.