डायनॅमो खोलण्याआधी हत्यारं जमवा
जुन्या अँबेसेडरचा डायनॅमो खोलायचा, तर आधी ग्राउलर, म्हणजे शॉर्ट कॉइल शोधायचं विजेवर चालणारं यंत्र, शोधा. आर्मेचर (डायनॅमोच्या आत फिरणारा, तारेच्या कॉइल गुंडाळलेला भाग) त्याच्या खाचेत ठेवायचं, वर एक्सॉ (हॅकसॉ) ब्लेडचा तुकडा हलका धरायचा आणि आर्मेचर सावकाश फिरवायचं. ब्लेड एका जागी थरथरायला लागलं, की तिथे कॉइल शॉर्ट. मग आधी रिवाइंडिंग, म्हणजे तार नव्याने गुंडाळणं, बाकी सगळं नंतर.

कम्युटेटर म्हणजे आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग. त्याच्या पट्ट्यांमधला मायका (अभ्रक) पट्ट्यांच्या वरच्या पातळीपेक्षा ०.८ मिमी खोल हवा. त्यासाठी मी एक्सॉ ब्लेडचे दात दोन्ही बाजूंनी ग्राइंडरवर घासून मायकाच्या जाडीचे करतो आणि एका टोकाला टेप गुंडाळून मूठ बनवतो. खाच चौकोनीच निघाली पाहिजे. कडेला मायकाची बारीक रेघ जरी राहिली, तरी कम्युटेटरवर घासणारा कार्बन ब्रश नीट टेकत नाही, ठिणग्या पडतात.

ल्यूकास कंपनीच्या सेल्फचा (स्टार्टर मोटरचा) कम्युटेटर मात्र असा कधीही कोरू नका! उमेदवारीत मी एक कोरला होता. त्याची हळहळ अजून जात नाही.

डायनॅमोच्या पोलचे (आतल्या कॉइल धरणाऱ्या लोखंडी तुकड्यांचे) स्क्रू फार घट्ट असतात. साध्या स्क्रूड्रायव्हरने खाच उडते, हातोडीने ठोकला की फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हरच घ्या. मागचा नवा सच्छिद्र ब्राँझचा बुश (आर्मेचरचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) बसवण्याआधी २४ तास पातळ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा.