कॅलेंडरात जगभरच्या सुट्ट्या आणि जुनी गाणी कशी बसवायची

आधी कॅलेंडर निवडा. सोलापुरात डिसेंबर संपत आला की सराफ, कापडवाले, पतसंस्था सगळेच कॅलेंडर वाटायला लागतात, त्यातलं मोठ्या चौकोनांचं घ्या, देवाचा फोटो मोठा आणि तारखा मुंगीएवढ्या असतील तर ते देवघरापाशी लावा, आपल्या कामाचं नाही. सोबत एक पेन, एक पेन्सिल, बास.

पेनाने सगळ्यात आधी आपलं लिहायचं. १२ जानेवारी १९३१ ला सोलापूरचे हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली, त्या चौकोनात दुसरं काही घालू नका, कितीही भारी गाणं सापडलं तरी. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचे दिवस पण मोकळे सोडा, घरातले सगळे पाळण्यात बसायला गेल्यावर गाणी ऐकायला थांबतंय कोण!

मग जगाच्या सुट्ट्या. पक्क्या तारखा पेनाने, म्हणजे ४ जुलै अमेरिका, १४ जुलै फ्रान्स वगैरे. सरकणाऱ्या तारखा पेन्सिलने, कारण ईद दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येते, चिनी नवीन वर्ष जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीत पडतं, आणि ईस्टर २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी, हे आजीला सांगितलं तर तिला आपल्यापेक्षा लवकर समजेल. अमेरिकेचा लेबर डे सप्टेंबरचा पहिला सोमवार, थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. ज्यांच्या घरात टॉवेल एक्स्पोर्टचं काम आहे त्यांनी हे आधी लिहा, तिकडे सुट्टी असताना मेल टाकून संध्याकाळपर्यंत फोनकडे बघत बसण्यात काय अर्थ आहे?

आता खरी मजा, गाणी. इथे घाई नको. रेकॉर्ड इंग्लंडात एका तारखेला आणि अमेरिकेत दुसऱ्या तारखेला निघालेली असू शकते, त्यामुळे देश पण लिहा. वेळेचा फरक पण बघा, १३ जुलै १९८५ चा लाइव्ह एड हा गाण्यांचा मोठा कार्यक्रम लंडनला दुपारी १२ ला सुरू झाला तेव्हा आपल्याकडे साडेचार वाजलेले, म्हणजे त्या दिवशी साडेचारच्या चहाला सुरुवात करा, आणि क्वीन हा बँड रात्री अकरानंतर लावा, तिकडे ते संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास आले होते, एकदम बरोबर बसतं. क्वीनवरून आठवलं, ५ सप्टेंबरला शिक्षक दिनाच्या खाली त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरीचा जन्म लिहायचाच लिहायचा, १९४६ चा, आणि तो शाळेला आपल्या पाचगणीत होता, म्हणजे घरचाच माणूस झाला की!

काही चौकोन मात्र भरून वाहतात. १ ऑगस्ट बघा ना, १९२० ला टिळक गेले, त्याच दिवशी अण्णाभाऊ साठे जन्मले, स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिवस तोच, आणि १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं ते पण त्याच तारखेला, पहिलंच गाणं व्हिडिओने रेडिओ स्टार मारला असं सांगणारं. १५ ऑगस्ट तर विचारूच नका. आपलं स्वातंत्र्य, कोरियाची जपानपासून सुटका, १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्ससमोर ५५ हजारांवर माणसं, १९६९ ला अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाची सुरुवात. माझा क्रम ठरलेला आहे, सकाळी झेंडावंदन, जिलेबी, मग दुपारी बीटल्स.

मृत्यूच्या तारखा मी फार लिहीत नाही, त्याने कॅलेंडर जड होतं. ६ फेब्रुवारी तेवढी सोडायची नाही. १९४५ ला जमैकाचा गायक बॉब मार्ली जन्मला, न्यूझीलंडला वैतांगी डेची सुट्टी असते, आणि २०२२ ला लतादीदी गेल्या. त्या दिवशी आधी दीदी, आणि घरातले ज्येष्ठ हो म्हणाले तर रात्री मार्ली.

चौकोनात जागा संपली तर बाण काढून समासात लिहा. आणि धोब्याचा, दुधाचा हिशोब दुसऱ्या कॅलेंडरवर हलवा, हे घरात आधीच सांगून ठेवा.