नाटक-वक्तृत्वात उतरताय? आधी पाठांतराबद्दल बोलू

नाटकात किंवा वक्तृत्वात भाग घेतला की आत्मविश्वास वाढतो, हे तुम्हाला शिक्षकांनी, पालकांनी, स्पर्धेच्या पत्रकानं सांगून झालं असेल. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. वर्षानुवर्षं व्यासपीठावर जाणाऱ्या पण वर्गात हात वर करून साधी शंका विचारू न शकणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि मी स्वतः बराच काळ त्यांच्यातलीच एक होते. बक्षिसं मिळत होती, बोलता येत नव्हतं. आज मुलाखती, सादरीकरणं, बैठका या सगळ्यात हायस्कूलच्या काळात जे शिकले ते रोज कामाला येतं, पण ते बक्षिसांच्या भाषणांमधून आलेलं नाही.

सापळा असा असतो. विषय जाहीर होतो. घरातलं कोणी मोठं माणूस किंवा एखादे शिक्षक भाषण लिहून देतात. सुरुवातीला कवितेच्या चार ओळी, मध्ये थोरांची वचनं, शेवटी घोषणा. तुम्ही ते शब्दन् शब्द पाठ करता. हात कुठे वर न्यायचा, आवाज कुठे चढवायचा, कुठे क्षणभर थांबायचं, हेही बसवून मिळतं. स्पर्धेत तुम्ही ते धडाधड म्हणता, टाळ्या पडतात. या सगळ्यात तुमच्या डोक्यानं एकच काम केलेलं असतं: पुढचा शब्द आठवणं. विषयावर तुमचं मत काय, समोरच्याला ते पटतंय का, यातला एकही प्रश्न तुमच्यापर्यंत आलेलाच नसतो.

घोकलेलं भाषण नेमकं कसं तुटतं ते नीट समजून घ्या, कारण हे कोणी सांगत नाही. घोकताना प्रत्येक शब्द फक्त त्याच्या आधीच्या शब्दाला जोडलेला राहतो. मागून कोणी खोकलं, माईक किंचाळला, एक शब्द निसटला, की साखळी तुटते. मधे कुठूनही पुन्हा शिरायला दार नसतं, दार फक्त सुरुवातीला असतं. म्हणून अडकलेलं मूल परत पहिल्या वाक्यावर जातं, पुन्हा त्याच जागी येतं आणि पुन्हा अडकतं. बघणारे म्हणतात, तयारी कमी पडली. खरं तर तयारी भरपूर झालेली असते, चुकीच्या प्रकारची झालेली असते. अशी अडकले तेव्हा मला वाटलं होतं की माझी स्मरणशक्तीच कमकुवत आहे, आणि पुढच्या वेळी मी दुप्पट घोकलं. तुम्ही ते करू नका. दुप्पट घोकल्यानं साखळी लांबते, मजबूत होत नाही.

दुसरं नुकसान लगेच दिसत नाही. घोकलेलं म्हणणारा वक्ता श्रोत्यांकडे बघत नाही, त्यांच्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेत बघतो, कारण एखाद्याशी नजरानजर झाली तरी शब्द पळतो. म्हणजे लोकांसमोर बोलण्याची सवय व्हावी म्हणून जे करायचं, त्यात लोकच वगळले जातात. मग परीक्षकांनी खाली बोलावून एक साधा प्रश्न विचारला की तोंड कोरडं पडतं.

नट इतकी लांबलचक भाषणं कशी लक्षात ठेवतात, असं तुम्ही विचाराल. हेल्गा नॉइस आणि टोनी नॉइस या दांपत्यानं व्यावसायिक नटांच्या स्मरणशक्तीवर बरंच संशोधन केलं आहे. त्यांना दिसलं ते असं की हे नट सुरुवातीला घोकत बसतच नाहीत. हे पात्र हे वाक्य आत्ताच का बोलतंय, समोरच्याकडून त्याला काय हवंय, हे ते ओळीओळीत शोधतात, आणि या शोधात शब्द आपोआप बसत जातात. हालचालीसोबत बोललेली वाक्यं जागेवर बसून म्हटलेल्या वाक्यांपेक्षा जास्त टिकतात, असंही त्यांना आढळलं. ‘पात्राला काय हवंय’ हा प्रश्न रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की (१८६३–१९३८) यांनी नटांच्या प्रशिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवला होता, तो याच जातीचा.

तेव्हा भाषण लिहायच्या आधी विषय एका माणसाला बोलून सांगा. कागद नको, आरसा नको, एक जिवंत माणूस हवा. तो कुठे कंटाळतो, कुठे ‘म्हणजे काय?’ विचारतो, ते लक्षात घ्या. त्यातून चार-पाच मुद्दे काढा आणि फक्त मुद्द्यांचा क्रम लक्षात ठेवा. शब्द प्रत्येक वेळी थोडे वेगळे आले तर येऊ द्या. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र पक्कं ठेवा, कारण त्या दोन जागी घाबरगुंडी सगळ्यात जास्त उडते. सराव करताना मुद्दाम तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करा, मग पाचव्यापासून. मधून शिरायची दारं अशीच तयार होतात. आणि कागद पुन्हा पुन्हा वाचू नका, कागद उलटा ठेवून आठवून बघा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्यानं मात्र स्वतःला आठवायला लावणारे पुढे गेले. स्पर्धा पाच मिनिटांनी नसते. अभ्यासाच्या पुस्तकांनाही हेच लागू आहे, आणि वक्तृत्वातून माझ्या अभ्यासाला झालेला सर्वात मोठा फायदा हाच आहे.

नाटकात शब्द लेखकाचे असतात, ते बदलता येत नाहीत, हे खरं. तिथला सापळा वेगळा. आपल्याच ओळी रंगवून तेवढ्याच पाठ करायच्या आणि समोरच्याचं वाक्य म्हणजे फक्त आपली पाळी येण्याची खूण समजायची. मग समोरच्यानं एक ओळ गाळली की दोघंही पुतळे होतात. समोरच्याच्या ओळी आपल्याइतक्याच वाचा. तो काय म्हणाला म्हणून मी हे म्हणते, हे कळलं असेल तर गाळलेल्या ओळीवरून उडी मारता येते.

आता मार्गदर्शकांबद्दल माझं ठाम मत. जे शिक्षक स्वतः अभिनय करून दाखवतात आणि ‘अगदी असंच कर’ म्हणतात, त्यांच्याकडे करंडक जास्त असतात आणि त्यांच्याकडची मुलं एकसारखी बोलतात. जे शिक्षक ‘तुला काय वाटतं?’ विचारून गप्प बसतात, त्यांच्याकडे जा. सुरुवातीला ते आळशी वाटतील, तालीम रेंगाळतेय असं वाटेल. तरी तिथेच थांबा. नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. हातवारे बसवून देता येतात, उच्चार सुधारून देता येतात, पोशाख भाड्यानं आणता येतो. मनाच्या आतून उमटणारा सात्त्विक भाग कोणी बसवून देऊ शकत नाही. मोबाइलवर विजेत्यांची भाषणं बघून त्यांची लकब उचलणं आणि यंत्राकडून भाषण लिहून घेणं, हे दोन्ही मी याच पंक्तीत बसवते. ऐका, बघा, जरूर बघा, पण लकब उचलू नका. ती उसनी आहे हे तिसऱ्या वाक्यात कळतं.

फायद्यांबद्दलही मोघम बोललेलं मला चालत नाही. नाटकानं मूल हुशार होतं, गुण वाढतात, असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर सावध राहा. मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांचा २००४ चा एक गाजलेला अभ्यास आहे. सहा वर्षांच्या १४४ मुलांचे गट केले: काहींना संगीत, काहींना नाटक, काहींना काहीच नाही. बुद्ध्यांकात थोडी जास्त वाढ संगीताच्या गटांत दिसली. नाटकाच्या गटात सुधारलं ते वागणं, म्हणजे इतरांशी जुळवून घेण्याची पद्धत. तुमच्या वयाच्या जवळचा अभ्यास थेलिया गोल्डस्टीन आणि एलन विनर यांचा, २०१२ चा. अभिनय शिकणारी हायस्कूलची मुलं आणि इतर कला शिकणारी मुलं यांची त्यांनी तुलना केली. शाळेच्या एका वर्षात अभिनयाच्या मुलांमध्ये सहानुभूती आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्याची क्षमता जास्त वाढलेली दिसली. मला हे गुणांपेक्षा मोठं वाटतं. जिच्याशी माझं अजिबात पटत नव्हतं अशा मुलीसारखं पात्र मला एकदा करावं लागलं, आणि ते पात्र असं का वागतं याचं कारण शोधता शोधता माझा त्या मुलीवरचा राग विरघळला.

वादविवादात याच्या जोडीला ऐकणं येतं. जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेत, जी १९८८ पासून चालू आहे, प्रत्येक बाजूनं तीन वक्ते आठ-आठ मिनिटं बोलतात. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधल्या वेळेत समोरची बाजू उभं राहून मुद्दा मांडू शकते. तिथे घोकलेलं भाषण पहिल्याच आडव्या प्रश्नाला कोसळतं. तुम्हाला त्या पातळीवर जायचं नसलं तरी हा नियम सरावाला घ्या. मैत्रिणीला सांगा, मी बोलत असताना मधेच अडव. आठवडाभर चिडचिड होईल. नंतर अडवलं की मजा यायला लागते.

आवाजाबद्दल थोडक्यात. या वयात स्वरयंत्र वाढत असतं. मुलांचा आवाज साधारण एका सप्तकानं खाली उतरतो, मुलींचाही थोडा उतरतो. मधल्या काळात आवाज फुटला तर तो दोष नाही, हसणाऱ्यांना हसू द्या. पण ओरडू नका. मागच्या रांगेपर्यंत पोहोचायला श्वास पोटापर्यंत खोल घ्यावा लागतो आणि व्यंजनं स्पष्ट लागतात, घसा ताणावा लागत नाही. तालमीनंतर घसा दुखत असेल तर पद्धत चुकतेय. घसा बसला असेल तर त्या दिवशी तालमीला फक्त बसा, बोलू नका. याबाबत कोणाची भीड बाळगू नका.

आणि भीती. ती जाईल असं मी सांगणार नाही. माझे हात आजही गार पडतात. अॅड्रेनलीन वाढतं, हृदय जोरात धडधडतं, तोंड कोरडं पडतं. शरीर उत्सुक असतानाही त्यातलं बरंच तसंच होतं. अॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत, बोलायच्या आधी ‘मी उत्सुक आहे’ असं स्वतःशी म्हणणाऱ्यांनी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं भाषण केलं. धडधड दाबायला जाल तर ती वाढते. ती असू द्या आणि पहिल्या वाक्यासाठी एक ओळखीचा चेहरा शोधा. अडखळत बोलणाऱ्या, तोतऱ्या मुलांनी हे क्षेत्र आपलं नाही असं अजिबात मानू नये. अडखळणं ही वक्तृत्वातली अपात्रता नाही, आणि कोणी तसं म्हणत असेल तर तो मार्गदर्शक बदला.

रंगमंचावर जायची इच्छाच नसेल तरी नाटकात या. प्रकाश, ध्वनी, नेपथ्य, वेशभूषा, प्रॉम्प्टिंग (नट अडकला की पडद्याआडून ओळ सुचवणं), यांपैकी एका कामाची पूर्ण जबाबदारी घ्या. पडदा उघडायच्या वेळी दिवा लागला नाही तर त्याला कारण चालत नाही, आणि वेळेची ही किंमत मला कुठल्याही पाठ्यपुस्तकानं शिकवली नव्हती. शिवाय तीस जणांमध्ये ज्याच्याशी पटत नाही त्याच्यासोबतही काम पुरं करावं लागतं.

एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. तालीम वेळ खाते, आणि खूप खाते. परीक्षेचं मोठं वर्ष असेल तर मुख्य भूमिका घेऊ नका; छोटी घ्या किंवा पडद्यामागे राहा. ‘दोन्ही जमवेन’ असं ठरवून दोन्ही गमावलेली मुलं दर वर्षी असतात. मुख्य भूमिका पुढच्या वर्षीही मिळते.

अगदी नवीन असाल तर स्पर्धेनं सुरुवात करू नका. आधी कुणाला तरी मोठ्यानं गोष्ट वाचून दाखवा. मग एखादी नाट्यछटा घ्या. लेखक दिवाकरांनी १९११ च्या सुमारास मराठीत रुजवलेला हा प्रकार नवख्यांसाठी फार सोयीचा आहे: पात्र एकच, ते न दिसणाऱ्या माणसांशी बोलतं, आणि ती माणसं काय म्हणाली असतील ते तुम्हालाच शोधावं लागतं. त्यांची उत्तरं तुम्ही पेन्सिलीनं समासात लिहून काढलीत की अर्धं काम झालं. दोन-तीन नाट्यछटा झाल्या की उत्स्फूर्त भाषणात उतरा, चिठ्ठी उचलून दोन मिनिटं बोलायचं तो प्रकार. तिथे तुमच्यासाठी आधीच लिहून द्यायला कोणी नसतं. पहिल्या खेपेला पन्नास सेकंदांत संपलात तरी नाव मागे घेऊ नका, पुढच्या फेरीसाठीही नोंदवा.