खोक्यावरच्या वेगाने रॅम चालवताना

डीडीआर४ या पिढीच्या रॅमच्या (संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीच्या) खोक्यावर ३२०० हा वेगाचा आकडा ठळक छापलेला असला, तरी संगणकाची जुळणी झाल्यावर ती अनेकदा २१३३ किंवा २६६६ या वेगानेच चालत असते. यात विक्रेत्याची लबाडी नसते. मदरबोर्ड सुरुवातीला जेडेक या संस्थेच्या मानकातला सुरक्षित वेग निवडतो. खोक्यावरचा वेग रॅमवरील छोट्या चिपमध्ये स्वतंत्र प्रोफाइल, म्हणजे तयार सेटिंगचा संच, म्हणून साठवलेला असतो आणि तो आपणच चालू करावा लागतो.

प्रथम विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स विभागातील मेमरी हे पान उघडून सध्याचा वेग आणि वापरात असलेल्या स्लॉटची (रॅम बसवायच्या खाचांची) संख्या पाहावी. एकच स्टिक (रॅमची पट्टी) असल्यास सेटिंग बदलण्याआधी तशीच दुसरी स्टिक घेणे अधिक फायद्याचे, कारण ३२०० वेगाची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती देऊ शकते, तर ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन स्टिक एकाच वेळी दोन वाटांनी माहिती देत असताना, ही मर्यादा ५१.२ जीबीपर्यंत जाते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकावर हा फरक विशेष जाणवतो. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक बहुतेक वेळा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवतात; तरीही बोर्डाची पुस्तिका पाहावीच.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत काढावी आणि बिटलॉकर हे विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन चालू असल्यास ते उघडणारी रिकव्हरी की हाताशी ठेवावी. त्यानंतर संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोस उघडावे आणि इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी, एएमडीच्या बोर्डावर एक्स्पो किंवा डीओसीपी अशा नावाचा पर्याय शोधून पहिले प्रोफाइल निवडावे. बहुतेक लॅपटॉपमध्ये हा पर्यायच नसतो. डीडीआर४ चे व्होल्टेज यामुळे साधारणतः १.२ वरून १.३५ होते, ते प्रोफाइलनेच ठरवलेले असते, म्हणून हाताने वाढवू नये. डीडीआर५ असल्यास पुढच्या वेळी सुरू होताना पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. त्या काळात बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, तेव्हा घाबरून वीज बंद करू नये.

विंडोज सुरू झाले म्हणजे काम झाले, असे मानणे ही नेहमीची चूक आहे. रॅम अस्थिर असेल तर संगणक बंद पडण्याआधी फायली गुपचूप बिघडू शकतात, आणि त्याचा पत्ता आठवड्यांनी लागतो. यासाठी मेमटेस्ट८६+ ही मोफत प्रणाली पेनड्राइव्हवर टाकून तिच्यावरून संगणक सुरू करावा आणि चाचणी रात्रभर चालू द्यावी. एकही त्रुटी दिसली, तर ते सेटिंग नापास समजावे.

अशा वेळी प्रोफाइल तसेच ठेवून वेग ३२०० वरून ३००० किंवा २९३३ वर आणावा आणि चाचणी पुन्हा घ्यावी. चारही स्लॉट भरलेले असताना प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरवर (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागावर) ताण अधिक येत असल्याने ही माघार बऱ्याचदा घ्यावी लागते, आणि रोजच्या कामात तिचा फरक जवळजवळ कळत नाही. पडदाच उजळला नाही, तर वीजजोडणी काढून पुस्तिकेत दाखवलेल्या पिना जोडाव्यात किंवा बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी; त्याने बायोस मूळ स्थितीत येते.