जुनी वास्तू नव्याने वापरायला घेताय? सोलापुरात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

सोलापुरात जुनी जागा हाती आली की पहिला विचार येतो मंगल कार्यालयाचा. मग ती पेठेतला वाडा असो की पूर्व भागातली बंद पडलेली यंत्रमागाची शेड. वापर आधी ठरतो, इमारतीची तब्येत मागाहून बघितली जाते आणि खर्चाचं गणित तिथेच फिसकटतं.

तड्यांपासून सुरुवात करा. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरच्या भिंतीही हलतात. तडा दिसला की सिमेंट भरून रंग मारायची घाई नको. तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवा, बाजूला तारीख लिहा आणि एक पावसाळा, एक उन्हाळा जाऊ द्या. पट्टी फुटली तर पाया अजून हलतोय, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याआधी जवळचा गळका पाइप आणि तुंबलेलं गटार तपासा. दोष कित्येकदा तिथेच सापडतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चुन्यातल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा. जमिनीतून चढणारी ओल चुन्यातून बाहेर पडून वाळून जाते. सिमेंटने ती आत कोंडते. मग लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागतो, विटांचे पापुद्रे सुटतात आणि भिंतीत गेलेली तुळईची टोकं कोणाला न दिसता कुजतात. बोटाने ठोकून बघा, बद्द आवाज आला तर गिलावा सुटलाय. त्यावर वॉटरप्रूफ रंग लावणं म्हणजे दुखण्यावर पांघरूण घालणं. सिमेंट उतरवा, भिंत नीट सुकू द्या, मग मुरवलेला चुना, वाळू आणि विटांची सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, वापरून गिलावा करा. गवंडी ‘पटकन धरावं’ म्हणून मूठभर सिमेंट मिसळतोच, तेव्हा समोर उभं राहून काम करून घ्या.

माळवदाचं, म्हणजे लाकडावर माती घालून केलेल्या सपाट छताचं, दुखणं वेगळं. गळायला लागलं की वर मातीचा थर, पुढच्या पिढीत कोबा, त्यावर शहाबादी फरशी. गळती थांबत नाही, वजन तेवढं वाढत जातं आणि खालचा कडीपाट, म्हणजे कड्या आणि फळ्यांचं लाकडी छत, वाकतो. आधी हे थर उतरवा, ढाळ दुरुस्त करा, पन्हळी मोकळ्या करा. तुळईच्या टोकात स्क्रू ड्रायव्हर खुपसून पाहा. लोण्यात घुसावा तसा गेला तर लाकूड संपलंय. तरी अख्खी तुळई बदलावी लागतेच असं नाही, बरेचदा कुजलेलं टोक कापून सागवानी जोड देता येतो. पाण्याची टाकी मात्र माळवदावर नकोच. स्वच्छतागृहंही मातीच्या भिंतीला टेकवू नका, परसात स्वतंत्र बांधा.

१८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल निघाली आणि हे गाव गिरण्यांचं झालं. गिरणीच्या धाटणीच्या शेडचं छत उगाच दातेरी नसतं. त्यातल्या काचा उत्तरेकडे असतात, म्हणून आत उजेड येतो, ऊन येत नाही. लोक त्या पत्र्याने बंद करतात, पश्चिमेला मोठी काच बसवतात आणि मग एसीच्या बिलाने हैराण होतात! सोलापूरच्या मे महिन्यात पश्चिमेची काच कोणाला परवडणार? खांब बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, असतील तर त्यांवर सरसकट वेल्डिंग करू नका. बीड ठिसूळ असतं, तापवल्यावर तडकतं. नवा पोटमाळा स्वतंत्र लोखंडी सांगाड्यावर घ्या. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसांना घातक तंतू, असू शकतं. फोडू नका, ओले करून अखंड उतरवा.

कागदपत्रांत प्रॉपर्टी कार्डावरचे सगळे वारस आणि भाडेकरू आधी पाहा. जागा भुईकोट किल्ल्याजवळ असेल तर संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम होत नाही, तिथे दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या २०० मीटरमध्येही आधी परवानगी, मग काम. आर्किटेक्टला आराखड्याची आगाऊ रक्कम देण्याआधी हे अंतर मोजून घ्या.