रोपलागवडीच्या पहिल्या हंगामाची तयारी

नगावर मजुरी असलेल्या लागवडीत नवख्यांचं काम बहुधा मनगट सुजल्यामुळे किंवा पाय सोलवटल्यामुळे सुटतं. दम हळूहळू वाढतो. म्हणून तयारी या दोन जागांपासून आणि निदान ६ ते ८ आठवडे आधी सुरू करा.

बूट घोट्याच्या वर येणारे, जाड तळव्याचे घ्या. पुढे बोटं हलतील एवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. नवे बूट आधी घरात, मग तासाभराच्या चालण्यात, मग पाठीवर १० किलो वजन घेऊन चढावर वापरा. रोपांनी भरलेल्या कमरेच्या पिशव्या १५ ते २० किलोंपर्यंत जातात आणि पायाखाली खुंट, फांद्या, दगड असतात. त्यामुळे सपाट रस्त्यावर पळण्यापेक्षा पायऱ्या आणि उठाबशा कितीतरी कामाच्या. मोजे लोकरीचे घ्या. सुती मोजे पाणी धरून ठेवतात आणि फोड येतात. एक कोरडा जोड रोज सोबत असू द्या.

मनगट बिघडतं ते लागवडीचं फावडं (सरळ पात्याचं, पायाने दाबायचं) आवळून धरल्याने. मूठ सैल आणि मनगट सरळ ठेवा, पातं पायाने दाबा. खाली दगड असला तर धक्का पायाला बसू दे. सकाळी बोटं आखडलेली असणं नेहमीचं आहे. पण मनगट हलवताना आत करकर जाणवली, तर त्याच दिवशी मुकादमाला सांगा आणि हात बदला. दुखणं अंगावर काढलं की आठवडे वाया जातात.

आता मुख्य काम. पालापाचोळा पायाने सारून खालची माती उघडी करा. पातं सरळ खाली, पूर्ण खोल घाला आणि फट उघडा. रोप पात्याच्या कडेने जरा जास्त खोल सरकवा आणि किंचित वर ओढा, म्हणजे मुळं सरळ सुटतात. हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, पूर्ण मातीत हवी आणि रोप उभं. फट तळापासून मिटवा. वरून मिटली आणि खाली पोकळी राहिली, तर मुळं वाळतात. खड्डा उथळ असेल तर मुळं मुडपून वर वळतात आणि झाड पुढे कलतं. शेंड्याचं एखादं पान चिमटीत धरून हळूच ओढून पाहा: पान तुटावं, रोप हलू नये.

पिशवीचं तोंड झाकलेलं ठेवा आणि वजन कमी करायला हुंडीची माती कधीच झटकू नका. उघडी मुळं वाऱ्यात फार लवकर सुकतात.

उन्हात दिवसाला ४ ते ५ लिटर पाणी लागतं, सोबत खारट काहीतरी. खाणं दर फेरीला, म्हणजे पिशवी पुन्हा भरताना, थोडं थोडं.

सुरुवातीचे काही दिवस वेगाच्या मागे लागू नका, हात बसू द्या. तपासणीत नाकारलेली रोपं पुन्हा लावण्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. म्हणून जाण्याआधीच विचारून घ्या: नगाचा दर काय, दोन रोपांत अंतर किती, राहण्या-जेवणाचे पैसे कापतात का, पावसाने काम थांबलं तर काय.